कोरड्या दिवशी वाहणारा पाइप

विद्यार्थ्यांची पर्यावरण मोहीम म्हटली की हातमोजे, कचऱ्याच्या पिशव्या आणि शेवटी बॅनर धरून काढलेला फोटो हे ठरलेलंच. तसा फोटो आमचाही आहे. कॉलेजच्या मागून जाणाऱ्या ओढ्याची सफाई केली त्या सकाळचा. त्यातले निम्मे चेहरे पुन्हा कधी दिसले नाहीत, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याच्याकडे एकच सकाळ होती त्यानं ती दिली, तेवढं पुष्कळ. अडचण वेगळीच होती. पोतीच्या पोती प्लास्टिक बाहेर निघालं, तरी ओढा होता तेवढाच काळा राहिला आणि नाक दाबायला लावणारा वासही जागचा हलला नाही. कचरा डोळ्यांना दिसत होता म्हणून आम्ही उचलला. ओढा ज्यानं मेला होता ते पाण्यात विरघळलेलं होतं, आणि विरघळलेली गोष्ट पोत्यात भरता येत नाही.

मी तेव्हा रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. सफाईनंतरच्या बैठकीला आम्ही थोडेच जण उरलो होतो. फळ्यावर यादी झाली: कचरा, सांडपाणी, डास, जलपर्णी, काठावरची बांधकामं, जनजागृती. वर मोठ्या अक्षरांत ‘ओढा वाचवा’. एका सीनियर मुलीनं विचारलं, “वाचवा म्हणजे कोणी काय करायचं? उद्या कुणी अधिकारी समोर येऊन बसला आणि म्हणाला, बोला, काय करू, तर आपण काय सांगणार?” सगळे गप्प. “पाणी स्वच्छ करा,” असं कुणीतरी म्हणालं, पण म्हणणाऱ्यालाही ते पटलेलं दिसलं नाही.

ती मुलगी कायद्याकडे जाणार होती. तिनं आम्हाला पॅसिफिक बेटांवरच्या विद्यार्थ्यांची गोष्ट सांगितली. २०१९ मध्ये साउथ पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं, की हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय हे सरळ हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं. वानुआतू या तिथल्या बेटराष्ट्राच्या सरकारनं ते उचलून धरलं आणि मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं न्यायालयाकडे मत मागण्याचा ठराव केला. (न्यायालयाचं मत जुलै २०२५ मध्ये आलं. तोवर आमच्यातलेही बरेच जण कॉलेजमधून बाहेर पडले होते.) “त्यांनी ‘पृथ्वी वाचवा’ म्हटलं नाही,” ती म्हणाली, “एक प्रश्न विचारला. ज्याला उत्तर द्यावंच लागेल असा.” आमचा ओढा कुठे आणि हेगचं न्यायालय कुठे, पण मुद्दा डोक्यात बसला. यादी पुसली आणि फळ्यावर एकच ओळ उरली: पाऊस नसताना ओढ्यात पाणी येतं कुठून?

या प्रश्नामागे साधी गोष्ट आहे, पण ती मला तोपर्यंत ठाऊक नव्हती. जिथे मलवाहिनी आणि पावसाळी गटारं वेगवेगळी असतात तिथे घरातलं सांडपाणी एका जाळ्यातून शुद्धीकरण केंद्राकडे जातं आणि रस्त्यावर, छपरांवर पडलेलं पावसाचं पाणी दुसऱ्या जाळ्यातून जसंच्या तसं ओढ्या-नद्यांत सोडलं जातं. म्हणजे बरेच दिवस पाऊस पडलेला नसेल तर पावसाळी गटाराचं तोंड कोरडं असायला हवं. ते वाहत असेल तर त्याची मुख्य कारणं दोन-तीनच. जमिनीतलं झिरपणारं पाणी, पिण्याच्या पाण्याची फुटलेली लाइन, नाहीतर कुणाचं तरी सांडपाणी चुकीच्या पाइपाला जोडलेलं. हे ओळखायला यंत्र लागत नाही. पायात गमबूट हवेत आणि चालायची तयारी हवी.

म्हणून आम्ही काठानं उलट्या दिशेनं चालत गेलो. दिसेल त्या प्रत्येक पाइपाला नंबर दिला, नकाशावर खूण केली, फोटो काढला. बहुतेक पाइपांत वाळलेला पाला आणि कोळ्यांची जाळी होती. हे कोरडे पाइपही आम्ही काटेकोरपणे नोंदवले आणि पुढे ऑफिसात त्यांचाच फार उपयोग झाला. एका पाइपातून नितळ थेंब ठिबकत होते. दोन पाइप मात्र चक्क वाहत होते. त्यातला एक, आमचा चार नंबर, राखाडी फेस ओकत होता. वेगवेगळ्या वेळी जाऊन पाहिलं तर सकाळी त्याची धार मनगटाएवढी जाड व्हायची, दुपारी बोटाएवढी उरायची, संध्याकाळी परत फुगायची. जमिनीतल्या झऱ्याला सकाळच्या आंघोळीची वेळ कळत नाही.

संशय पक्का होता, पण “आम्हाला वाटतं” एवढ्यावर कुणी झाकण उघडत नाही. इथे आमच्या प्रयोगशाळेतले सहायक काका कामाला आले. कपड्यांच्या साबणाच्या पावडरीत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून एक चमक आणणारं रसायन घातलेलं असतं. ते कापसाला चिकटतं आणि अतिनील दिव्याखाली निळसर उजळतं. तेव्हा साधा कापूस जाळीच्या पिशवीत घालायचा, पाइपाच्या तोंडाशी नायलॉनच्या दोरीनं बांधायचा, काही दिवस तसाच ठेवायचा आणि मग काढून अंधारात दिव्याखाली बघायचा. युक्ती जुनी आहे आणि जगभर नागरिकांचे गट ती वापरतात.

यातला अवघड भाग मात्र कुणाला सांगून खरा वाटत नाही: न चमकणारा कापूस मिळवणं. टिश्यू पेपर, वहीचं पान, रुमाल, माझ्या पांढऱ्या ॲप्रनची बाही, जे जे दिव्याखाली धरलं ते ते झगझगलं. आपण किती चमकदार जगात राहतो हे मला त्या अंधाऱ्या खोलीत कळलं. शेवटी कसलीही प्रक्रिया न केलेला कापूस मिळाला. मग तीन तुकडे केले. एक चार नंबरात बांधला, एक ठिबकणाऱ्या पाइपात, आणि एक नुसता नळाच्या पाण्यात बुडवून ठेवला. काढल्यावर ते उन्हात वाळवायचे नाहीत, कारण उन्हानं ती चमक उडते. खोलीचे पडदे ओढले, दिवा लावला. नळाचा तुकडा मंद जांभळट, दिव्याच्याच रंगाचा. ठिबकणाऱ्या पाइपाचा तसाच. चार नंबरचा तुकडा असा उजळला की सगळे एकदम बोलायला लागले. काका मात्र शांतपणे म्हणाले, “एवढ्यानं कपडे धुतल्याचं पाणी येतंय हे कळलं. संडासाचं येतंय हे नाही कळलं. लिहिताना जपून लिहा.” आम्ही तसंच लिहिलं.

दुसरी तपासणी ऑक्सिजनची. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत १८८८ सालची आहे आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती परीक्षेपुरती पाठ असते. २५ अंश सेल्सिअसला हवेशी समतोल असलेल्या गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. तो चार-पाचाच्या खाली गेला की बऱ्याच माशांची तगमग सुरू होते आणि दोनच्या खाली बहुतेकांना जगणं कठीण जातं. आकडे सोपे आहेत, गोम वेळेत आहे. शेवाळ उजेडात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर सगळेच तो वापरतात. त्यामुळे दुपारच्या उन्हात मोजलं तर घाण पाणीसुद्धा धडधाकट दिसू शकतं आणि खरी अवस्था कळते ती सूर्य उगवायच्या आधी. विद्यार्थ्यांची सोयीची वेळ म्हणजे लेक्चर संपल्यावर, दुपारी. ओढ्याची वेळ पहाटेची. आम्ही ओढ्याची वेळ पाळली. होस्टेलच्या वॉचमनकडून गेट पहाटे उघडून घेणं हे या संपूर्ण मोहिमेतलं सर्वांत चिकाटीचं काम होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

काचेची बूच असलेली बाटली, बुडबुडा राहू न देता पाण्याखाली धरून भरायची. मग पिपेटचं टोक पाण्यात बुडवून मँगनीज सल्फेट, त्यामागोमाग अल्कधर्मी आयोडाइड. बूच लावून बाटली उलटीसुलटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर पांढरा. पुढचं आम्ल घालणं आणि टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब रसायन घालून ऑक्सिजनचा आकडा काढणं, हे प्रयोगशाळेत, काकांच्या नजरेखाली. काठावर फक्त रंग बघायचा. पाइपाच्या वरच्या बाजूला, जिथे ओढा अजून जरा जिवंत होता, तिथल्या बाटलीत तपकिरी ढग खाली बसत गेला. पाइपाच्या खालच्या बाटलीत साका धरला तो दुधासारखा पांढरा. तो बघितल्यावर ब्युरेटमधला आकडा काय येणार हे सांगायला कुणी लागलं नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आम्ही ‘साक्याचा रंग: तपकिरी’ असंच लिहीत आलो होतो, कारण नळाच्या पाण्यात दुसरा रंग येतच नाही.

खालच्या भागातल्या चिखलात प्राणिशास्त्राच्या मुलींना लाल अळ्या आणि मागे लांब नळीसारखं शेपूट असलेल्या अळ्या मिळाल्या. लाल अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं आणि शेपूटवाल्या त्या नळीनं वरची हवा ओढतात. म्हणजे पाण्यात ऑक्सिजन नसला तरी ज्यांचं भागतं असेच तिथे उरले होते.

एक नियम आम्ही पहिल्या दिवशी केला आणि कधी मोडला नाही. चेंबरचं झाकण उघडायचं नाही, पाइपात वाकून डोकावायचंही नाही. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं. अशी मोहीम सुरू करणाऱ्या कुणालाही मी बाकी काही सांगितलं नाही तरी हे नक्की सांगेन.

आता लोकांकडे येते, कारण खरं काम तिथे होतं आणि त्याची तयारी कुठल्याच पुस्तकात नव्हती.

ओढ्याच्या खालच्या अंगाला, अगदी काठाला लागून, एक वस्ती आहे. आम्ही पाण्याच्या बाटल्या भरत होतो तेव्हा तिथल्या एक मावशी येऊन उभ्या राहिल्या. काय चाललंय विचारलं. मी उत्साहानं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मोजून झालं की आमची घरं पाडायला येणार ना?” मी म्हटलं, नाही हो मावशी, आम्ही विद्यार्थी आहोत. त्यावर त्या म्हणाल्या, “पहिले पण मोजायलाच आले होते.”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण त्यांची भीती खोटी नव्हती. ओढा-नदी सुशोभित करायची म्हटलं की आधी काठावरची गरिबांची घरं दिसतात. पाइप कुणाला दिसत नाही, कारण तो जमिनीखालून येतो. आमच्या गटातसुद्धा यावरून जोराचं भांडण झालं. एकाचं म्हणणं, काठावर बांधकाम करणं चूकच आहे, ते आपण का झाकायचं? दुसऱ्यांचं म्हणणं, आपला प्रश्न ठरलेला आहे. त्याचं उत्तर वस्तीच्या वर आहे, खाली नाही. मी दुसऱ्या बाजूला होते आणि आजही आहे. वस्तीच्या वरच्या टोकाला घेतलेल्या बाटलीतही साका पांढराच होता. म्हणजे पाणी त्यांच्या दारात पोचायच्या आधीच मेलेलं होतं. हा निकाल आम्ही छापील अहवालात घालायच्या आधी वस्तीत नेऊन दाखवला, बाटल्यांसकट. अर्जातही स्वतंत्र वाक्य घातलं: ही मागणी फक्त चार नंबर पाइपाच्या तपासणीपुरती आहे, काठावरच्या घरांविषयी नाही. आमच्यातला एक जण या वाक्यावरून नाराज होऊन गेला तो परत आला नाही.

त्या दिवसानंतर वस्तीनं आम्हाला जे सांगितलं ते आमच्या कुठल्याच यंत्रानं सांगितलं नसतं. तिथले एक आजोबा म्हणाले, हा पाइप पूर्वी फक्त पावसातच वाहायचा. वरच्या रस्त्याला नवीन इमारती झाल्या, लोक राहायला आले, तेव्हापासून बारमाही झाला. नक्की कुठली इमारत हे त्यांना माहीत नव्हतं, पण शोध केवढ्या भागात घ्यायचा हे त्या एका वाक्यानं ठरलं.

मग अर्ज. पावसाळी गटार एका विभागाचं, मलवाहिनी दुसऱ्याचं. पहिल्या टेबलावर सांगितलं, पाणी घाण आहे म्हणजे ते सांडपाणी, तिकडे जा. दुसऱ्या टेबलावर सांगितलं, पाइप पावसाळी आहे, म्हणजे इकडचं नाही. दोघंही आपापल्या परीनं बरोबर बोलत होते आणि नेमक्या त्याच फटीतून ते पाणी ओढ्यात जात होतं. आम्ही एकच अर्ज दोघांच्या नावे केला, दोन्हीकडे दिला, दोन्हीकडून शिक्का मारलेली पोच घेतली आणि प्रत्येकाच्या प्रतीला दुसऱ्याची पोच जोडली. ही युक्ती एका निवृत्त कारकुनांनी शिकवली. “पोच नाही तो अर्ज म्हणजे गप्पा,” हे त्यांचं वाक्य आमच्या गटात म्हणीसारखं चालायचं.

अर्जात आरोप नव्हता. पाऊस शेवटचा कधी पडला, त्यानंतर कोणत्या तारखांना, कोणत्या वेळी पाइप वाहताना दिसला, कापसाच्या तीन तुकड्यांचा फोटो, ऑक्सिजनचे आकडे, नकाशा. आणि शेवटी एक ओळ, की या पाण्याचा उगम शोधावा. तिथल्या अभियंत्यांनी चाळून पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणेच विचारला: “हा रिपोर्ट कुठल्या मान्यताप्राप्त लॅबचा?” आमच्या सीनियरनं उत्तर तयार ठेवलं होतं. “सर, हा पुरावा म्हणून दिलेलाच नाही. तुम्ही तपासावं म्हणून दिलाय. आमचं चुकलं असेल तर तुमच्या तपासणीत कळेलच.” त्यानंतर त्यांचा सूर उतरला. त्यांनी नकाशा पुढे ओढला आणि कोरड्या पाइपांवर बोट ठेवून विचारलं, हे सगळे खरंच बघितलेत? हो म्हटलं. मला वाटतं त्यांचा विश्वास तिथे बसला. फक्त दोषी पाइप दाखवणारे त्यांच्याकडे रोजच येत असणार.

तरी स्थळपाहणी लगेच झाली नाही. तारखा पडल्या, पुढे गेल्या, मध्ये आमच्या परीक्षा आल्या. याच काळात गटात व्हिडिओ करून टाकायची टूम निघाली. इमारती दाखवायच्या, फेस दाखवायचा, मागे भयानक संगीत लावायचं. कोणती इमारत ते आम्हाला अजून माहीतही नव्हतं. व्हिडिओ झाला नाही, आणि त्याचं श्रेय शहाणपणापेक्षा सेमिस्टरच्या वेळापत्रकाला जास्त आहे. पण झाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पाहणीच्या दिवशी दोन्ही विभागांची माणसं एकत्र आली हेच आम्हाला मोठं वाटलं. त्यांनी एकेका इमारतीच्या संडासात हिरवा फ्लुओरेसिन रंग ओतला आणि पाइपाशी माणूस उभा केला. (शिकागोची नदी दरवर्षी सणाला हिरवी करतात, त्याचं मूळही यातच आहे. बेकायदा सांडपाणी शोधायला तिथले प्लंबर हा रंग वापरत आणि १९६२ मध्ये कुणाला तरी त्यातून नदीच रंगवायची कल्पना सुचली.) आम्हाला लांब उभं केलं होतं. पहिल्या इमारतीचा रंग आला नाही. दुसरीचाही नाही. तिसरीचा ओतल्यावर काही वेळानं चार नंबरातल्या राखाडी धारेत आधी पिवळट आणि मग पोपटी हिरवी रेघ उतरली. वस्तीतली पोरं ओरडत काठानं पळत सुटली.

इमारतीतल्या लोकांना धक्का बसला, आणि तो खरा होता. बांधकामाच्या वेळी कंत्राटदारानं जवळची लाइन बघून जोड दिला होता; पाइप भिंतीआड गेल्यावर कुणी बघायला गेलं नाही. मलनिस्सारणाचा कर सगळे नेमानं भरत होते. त्यांच्या कमिटीचे अध्यक्ष आमच्याशी बोलायला आले ते चिडूनच. “आम्हाला चोर ठरवू नका.” आम्ही म्हटलं, काका, इमारतीचं नाव आम्ही कुठेही छापलेलं नाही आणि छापणारही नाही. त्यांनी आमचा फलक, पत्रकं, सगळं तपासून पाहिलं. त्यानंतर जोड बदलून मिळावा म्हणून इमारतीनं स्वतःच अर्ज केला, तोही सगळ्या घरांच्या सह्या घेऊन. विद्यार्थ्यांच्या निवेदनाला ऑफिसात कौतुक मिळतं, पण कर भरणाऱ्यांच्या सह्यांना तारीख मिळते. फरक मी डोळ्यांनी पाहिला. व्हिडिओ टाकून त्यांना जगासमोर उभं केलं असतं तर ह्याच सह्या आमच्याविरुद्ध झाल्या असत्या.

जोड तोडून मलवाहिनीला दिल्यावर चार नंबर थांबला. मी जाऊन बघितलं तेव्हा पाइपाच्या तोंडाशी काळा थर वाळून तडकला होता. पहाटेच्या बाटलीत मात्र तपकिरी ढग आला नाही. साका मळकट, फिकट बदामी. शून्याच्या वर, पण माशांच्या उपयोगाचा नाही. कारण तो दुसरा वाहणारा पाइप, नऊ नंबर, अजून तसाच होता.

नऊ नंबरचं दुखणं निराळं निघालं. तो ज्या जुन्या भागातून येतो तिथे मलवाहिनीच टाकलेली नाही. चुकीचा जोड असेल तर तो तोडून बरोबर ठिकाणी देता येतो. इथे बरोबर ठिकाणच अस्तित्वात नाही. म्हणजे तपासणीची मागणी करून उपयोग नाही, लाइन टाकण्याची मागणी करावी लागणार, आणि ती अंदाजपत्रकात यावी लागणार. आमचा सगळा सराव शोधायचा होता. मागणीसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा लागतो आणि विद्यार्थ्यांकडे नेमकी तीच गोष्ट नसते.

बालीतल्या मेलाटी आणि इसाबेल विजसेन या बहिणींनी प्लास्टिकच्या पिशव्यांविरुद्ध मोहीम सुरू केली ती २०१३ मध्ये, १२ आणि १० वर्षांच्या असताना. बेटावर बंदी लागू झाली २०१९ मध्ये. मधली सहा वर्षं त्या तिथेच वाढत होत्या म्हणून मोहिमेला त्याच मुली मिळाल्या. कॉलेजात सहा वर्षांत दोन पिढ्या बाहेर पडतात. आमच्या आधी याच ओढ्यावर काम केलेल्या एका गटाचं आम्हाला फक्त एक जुनं बॅनर मिळालं होतं, बाकी काही नाही. त्यांनी काय मोजलं, कुणाला भेटले, काय उत्तर मिळालं, सगळं त्यांच्याबरोबर गेलं.

म्हणून शेवटच्या वर्षाचा बराचसा वेळ आम्ही ओढ्यावर नव्हे तर कपाटावर घालवला. प्रयोगशाळेच्या कपाटातला एक कप्पा मागून घेतला. त्यात नोंदवही, पोचपावत्यांची फाइल, पाइपांचा नकाशा. नोंदवहीचे रकाने मुद्दाम कमी ठेवले: तारीख, वेळ, शेवटचा पाऊस कधी, पाणी वाहतंय की नाही, रंग, वास, साक्याचा रंग, लिहिणाऱ्याची सही. ‘शेवटचा पाऊस कधी’ हा रकाना रिकामा असेल तर ती नोंद बाद, असं पहिल्या पानावर लिहिलंय, आणि त्याखाली कारकुनांचं पोचेबद्दलचं वाक्य. भेटलेल्या माणसांची वेगळी वही: कोण, कशाबद्दल ठाम आहे, कशावर ऐकून घेतो, मावशींनी काय विचारलं होतं. ईमेलचा पासवर्ड मात्र जी मुलगी शिकायला परगावी गेली तिच्याकडेच राहिला होता. तो मिळवायला अभियंत्यांची तारीख मिळवण्यापेक्षा जास्त फोन करावे लागले.

नवीन तुकडीशी हस्तांतराची बैठक झाली तेव्हा मला वाटलं होतं, त्यांना विंकलरची बाटली कशी भरायची हे आधी शिकायचं असेल. त्यांनी विचारलं, मलवाहिनीचा प्रस्ताव कुठल्या महिन्यात मांडावा लागतो. त्यांच्यात वाणिज्य शाखेची मुलं जास्त आहेत. अंदाजपत्रक उघडून कुठल्या शीर्षाखाली किती तरतूद होती आणि किती खर्चच झाली नाही हे ती मुलं मजेत शोधतात, जे आमच्यापैकी कुणालाही जमलं नसतं. पहाटेची नोंद त्यांनी महिन्यातून एकदावर आणली आहे. मला विचारलं असतं तर नको म्हटलं असतं. त्यांनी विचारलं नाही. जुन्या भागातल्या रहिवाशांच्या बैठका ते घेतायत आणि मागच्या बैठकीला वस्तीतल्या मावशीही होत्या, असं कळलं. त्या बोलल्या का, विचारलं. म्हणे, सगळ्यात जास्त त्याच बोलल्या.

चार नंबरच्या वरच्या रस्त्याला आता आणखी एक इमारत उभी राहतेय. तिचं सांडपाणी कोणत्या लाइनला जोडणार, याची विचारणा करणारा अर्ज नवीन तुकडीनं पाया खणला जात असतानाच देऊन टाकलाय, दोन्ही विभागांना. पोच घेतलीय का, हे मी फोनवर विचारलं तर मुलगी जरा वैतागूनच म्हणाली, “ताई, पहिल्या पानावर तेच लिहिलंय ना.”